तिवऱ्याच्या मुलखात: मोटर न्यूरॉन आजार आणि पूरकांचा हिशेब

जबलपूरच्या आसपास, नर्मदाखोऱ्यातल्या काळ्या जमिनीत, हिवाळ्यात एक निळसर फुलांचे कडधान्य दिसते. इथले लोक त्याला तिवरा म्हणतात, रीवा-सतनाकडे ते खेसारी होते आणि भंडारा-गोंदियाच्या मराठी शेतकऱ्याच्या तोंडी ते लाख किंवा लाखोळी असते. गहू गेला तरी तिवरा तगतो, म्हणून तो गरिबाचा आधार. पण ज्या वर्षी दुसरे काहीच पिकत नाही आणि महिनोन् महिने ताटात फक्त तिवराच येतो, त्या वर्षी धडधाकट तरुणांचे पाय कमरेखाली ताठरतात. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला आणि जबलपूरशी कायमचा जोडला गेलेला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याने १८४४ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात अशा एका साथीची नोंद केली आहे. सागर जिल्ह्यात, गोविंदपंत बुंदेल्यांच्या घराण्याकडून काही वर्षांपूर्वीच इंग्रजांकडे गेलेल्या मुलखात, १८२९ पासून सलग तीन वर्षे गहू बुडाला, शेतात तिवरा तेवढा राहिला, लोकांनी तोच खाल्ला आणि १८३३ च्या सुमारास गावातली तरुण मुले-मुली पायांनी अधू होऊ लागली. मोटर न्यूरॉन आजारावर पूरक आहार आणि नैसर्गिक उपायांचा काही उपयोग होतो का, या प्रश्नाचा आढावा जबलपुरात बसून घ्यायचा, तर सुरुवात इथूनच करायला हवी. अन्न आणि स्नायू हलवणारी चेतापेशी यांचे नाते या मुलखाने पुस्तकात वाचण्याआधी रस्त्यावर पाहिले आहे.

या लकव्याला लॅथिरिझम म्हणतात. त्यामागचे विष १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच वेगळे केले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि सर्मा यांचे ते काम. ओडॅप नावाचे हे अमिनो आम्ल मेंदूतल्या ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाची नक्कल करते, चेतापेशीला गरजेपेक्षा जास्त चेतवते आणि त्या चेतवण्यानेच तिला मारते. गंमत नव्हे, पण विलक्षण योग असा की मोटर न्यूरॉन आजारातही, विशेषतः एएलएस या त्याच्या मुख्य प्रकारात, ग्लुटामेटचा अतिरेक हा पेशी मरण्याच्या कारणांपैकी एक मानला जातो आणि या आजारावरचे पहिले मान्यताप्राप्त औषध रिलुझोल ग्लुटामेटलाच आवर घालते. तिवऱ्याच्या या कहाणीतून दोन गोष्टी हाती लागतात. चुकीचे अन्न स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीला मारू शकते, हे पहिले. तिवरा बंद केला की आजार पुढे वाढत नाही, पण मेलेली पेशी दूध, तूप, बदाम, काढा, कशानेही परत येत नाही, हे दुसरे. पूरकांच्या बाजारात पहिल्या गोष्टीचा आधार घेऊन दुसरीच्या उलट आश्वासन विकले जाते: अन्नात इतकी ताकद आहे, तर ती सुकलेला हातही भरून काढेल. माझे म्हणणे एवढेच की अन्नाची ताकद खरी आहे, पण ती या आजारात वेगळ्या ठिकाणी आहे, आणि त्या ठिकाणाकडे घरच्यांचे लक्ष सर्वांत कमी जाते.

डॉक्टरांकडे तरी काय आहे, हा आक्षेप आधी विचारात घ्यायला हवा, कारण बाकीचे सगळे आक्षेप त्यातून निघतात. एएलएसमध्ये हात-पाय, जीभ, गळा आणि शेवटी श्वासाचे स्नायू एकामागून एक निकामी होतात. बहुतेकांचे आयुष्य पहिल्या लक्षणापासून तीन ते पाच वर्षांचे असते. रिलुझोलला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. ते चाचण्यांमध्ये सरासरी दोन-तीन महिने जास्त देते. एडाराव्होन जपानमध्ये २०१५ आणि अमेरिकेत २०१७ साली आले, त्याचा फायदा निवडक रुग्णांत आणि माफक दिसला. २०२३ साली मान्यता मिळालेले टोफरसेन फक्त एसओडी-१ जनुकात दोष असलेल्या थोड्या रुग्णांसाठी आहे. एवढ्या तुटपुंज्या हिशेबावर एखादे कुटुंब थांबायला तयार नसेल, तर त्याला अडाणी म्हणणे हा निर्दयपणा आहे. निदानाचा कागद हातात पडल्यावर घरातला कुणीतरी त्याच रात्री मोबाइलवर शोधू लागतो आणि आठवडाभरात कपाटात डबे जमतात. त्या माणसाची धडपड चुकीची नाही. प्रश्न एवढाच की त्या डब्यांबद्दल आपल्याला आज काय माहीत आहे. आणि माहिती बरीच आहे, ती घरापर्यंत पोचत नाही.

ई जीवनसत्त्वापासून सुरुवात करू. पेशींचे 'गंजणे' थांबवणारे म्हणून ते सुचणे स्वाभाविक होते. फ्रान्समध्ये २८९ रुग्णांना रिलुझोलच्या जोडीने ते दिले, जर्मनीत १६० रुग्णांना दिवसाला ५,००० मिलिग्रॅम एवढ्या प्रचंड मात्रेत दिले. आयुष्य वाढले नाही. वर्षानुवर्षे ई जीवनसत्त्व घेणाऱ्या निरोगी लोकांत पुढे एएलएस कमी आढळला, असे काही निरीक्षणात्मक अभ्यास सांगतात, आणि ते खरे असूही शकते. पण आग लागू नये म्हणून घेतलेली काळजी आणि लागलेली आग विझवणे ही दोन वेगळी कामे आहेत. क्रिएटिनने उंदरांना वाचवले होते. माणसांवर २००३ ते २००८ या काळात नेदरलँड्स आणि अमेरिकेत तीन चाचण्या झाल्या, तिन्हींत फरक दिसला नाही. को-एन्झाइम क्यू-१० दिवसाला २,७०० मिलिग्रॅमपर्यंत देऊन १८५ रुग्णांवर तपासले, २००९ साली निकाल आला, तोही नकारात्मक. पित्तातले ट्युडका हे आम्ल दुकानात पूरक म्हणून मिळते; ते ज्या औषधाचा एक घटक होते त्याला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली, मोठ्या चाचणीत ते अपयशी ठरले आणि २०२४ साली कंपनीने स्वतःच बाजारातून मागे घेतले. त्याच वर्षी युरोपात एकट्या ट्युडकाची चाचणीही हरली. या यादीत एक सूत्र आहे. जवळपास प्रत्येक पदार्थ उंदरात किंवा थोड्या रुग्णांच्या छोट्या अभ्यासात चमकला आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवून, पुरेशा रुग्णांवर, कुणाला काय दिले हे लपवून पाहिल्यावर विझला. दुकानातल्या डब्यावर मात्र उंदराचीच बातमी छापलेली असते.

सगळे पूरक निरुपयोगी, असा निष्कर्ष काढायची घाई मी करणार नाही, कारण एका जीवनसत्त्वाने वेगळी वाट दाखवली आहे. मेथिलकोबालामिन म्हणजे बी-१२ चे एक रूप. जपानमध्ये पहिल्या मोठ्या चाचणीत ते एकूण गटात अपयशी ठरले, पण लक्षणे सुरू होऊन वर्षही न झालेल्या रुग्णांत आशा दिसली. संशोधकांनी तिथेच विजय जाहीर केला नाही. फक्त तशाच रुग्णांची नवी चाचणी केली. १३० रुग्णांना आठवड्यातून दोनदा ५० मिलिग्रॅमची स्नायूतली इंजेक्शने दिली आणि १६ आठवड्यांत कार्यक्षमतेची घसरण औषध न मिळालेल्या गटापेक्षा सुमारे ४३ टक्के कमी झाली. निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला, सप्टेंबर २०२४ मध्ये जपानने औषधाला मान्यता दिली. आता आपल्या औषधांच्या दुकानात पाहा: हातापायाला मुंग्या येतात म्हणून लिहून दिली जाणारी मेथिलकोबालामिनची गोळी सहसा १,५०० मायक्रोग्रॅमची असते. जपानमधले एक इंजेक्शन अशा तेहतीस गोळ्यांएवढे आणि तेही पोटातून न जाता थेट स्नायूत. नाव एकच, पण औषध एक नव्हे. ज्याला हा उपाय करून पाहायचा आहे त्याने आपल्या न्यूरॉलॉजिस्टशी या मात्रेबद्दल आणि आजार किती जुना आहे याबद्दल बोलावे. गोळी दुप्पट करून ते साधत नाही. बी-१२ चे आणखी एक कारण आपल्याकडे महत्त्वाचे आहे. शाकाहारी घरांत त्याची कमतरता सर्रास असते, ती मज्जारज्जूला इजा करते आणि चालणे बिघडवते. तो बरा होणारा आजार आहे. म्हणून मोटर न्यूरॉन आजाराचे निदान पक्के करण्याआधी रक्तातले बी-१२ तपासणे हे पूरकांच्या आधीचे पाऊल आहे.

'फायदा नाही तर नाही, नुकसान तर नाही ना?' हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि मला तोच सर्वांत धोक्याचा वाटतो. व्यायामशाळेत प्रोटीन पावडरीशेजारी 'बीसीएए' नावाने विकली जाणारी शाखायुक्त अमिनो आम्ले पाहा. १९८८ साली एका छोट्या अभ्यासात ती एएलएसच्या रुग्णांना उपयोगी वाटली. इटलीत मोठी चाचणी सुरू झाली आणि १९९३ साली ती मध्येच थांबवावी लागली, कारण ती आम्ले घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होत होते. मिनोसायक्लिन हे साधे प्रतिजैविक उंदरांना तारक ठरले होते. २००७ साली ४१२ रुग्णांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांची घसरण इतरांपेक्षा २५ टक्के वेगाने झाली. प्रतिकारशक्तीच्या नावाखाली झिंक महिनोन् महिने जास्त घेतले तर शरीरातले तांबे कमी होते आणि तांब्याच्या कमतरतेने मज्जारज्जूचाच आजार होतो. बी-६ अति झाले तर संवेदनेच्या नसा बिघडतात. त्यात रिलुझोल यकृतावर ताण आणते, म्हणून ते घेणाऱ्याच्या यकृताच्या तपासण्या ठरलेल्या असतात. अश्वगंधा, हळदीचा तीव्र अर्क, ग्रीन टीचा अर्क या तिन्हींनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. यकृत बिघडले की डॉक्टर आधी रिलुझोल बंद करतात. म्हणजे सिद्ध न झालेल्या डब्यापायी सिद्ध झालेले दोन-तीन महिने हातचे जातात. आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत तर तिवऱ्याच्या मुलखात टिकायलाच नको होती. तिवऱ्याइतके नैसर्गिक दुसरे काय आहे?

आयुर्वेदाचे नाव निघाले की चर्चा दोन टोकांना जाते. अश्वगंधेतल्या एका घटकाने उंदरांत आशादायक परिणाम दाखवले आहेत. माणसातल्या एएलएसवर तिने आयुष्य वाढवल्याचा पुरेसा पुरावा नाही. भस्मांबद्दल मात्र मी ठामपणे बोलेन. २००४ साली बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी पाचाला एक या प्रमाणात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे तर स्वतःच मनगट लुळे पाडते आणि मोटर न्यूरॉन आजाराचे सोंग घेते. ज्याच्या चेतापेशी आधीच मरत आहेत त्याला शिशाचा अंश देण्याचा अधिकार कुठल्याही परंपरेला नाही. पण देशी उपाय तपासताच येत नाहीत, हे मी मान्य करणार नाही, आणि त्याचा दाखला जबलपूरच्याच दारात आहे. इथल्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेने शेजारच्या मंडला जिल्ह्यात फ्लोराइडच्या पाण्याने मुलांचे पाय वाकडे झालेली गावे अभ्यासली. तिथे पाण्याचा स्रोत बदलण्याबरोबरच आहार सुधारण्याचा प्रयोग झाला आणि त्यात कॅल्शियमसाठी रानातला चकोडा, म्हणजे आपला टाकळा, याची भाजी वापरली गेली. आजाराचे कारण माहीत होते, भाजीत काय आहे ते माहीत होते आणि मुलांची तपासणी करून परिणाम पाहिला गेला. टाकळ्याला जो न्याय मिळाला, तोच काढ्याला मिळावा. त्याहून सोपा नाही आणि कठोरही नाही.

'अमक्याच्या मुलाचा आजार काढ्याने थांबला,' हा पुरावा मात्र तपासून घ्यावाच लागतो. सांगणारा खोटे बोलत नसतो. पण भारतात तरुण मुलांमध्ये एका हाताचा पंजा आणि पुढचा हात सुकवणारा एक आजार बऱ्यापैकी आढळतो. जपानमध्ये हिरायामा यांनी १९५९ साली तो वर्णन केला. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये गौरी-देवी आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली भारतीय रुग्णांचे वर्णन केले. सुरुवातीला तो थेट मोटर न्यूरॉन आजारासारखा दिसतो, दोन ते पाच वर्षे वाढतो आणि मग बहुधा आपोआप थांबतो. या काळात जो उपाय चालू असेल, त्याला श्रेय मिळते. खऱ्या एएलएसमध्येही घसरण सरळ रेषेत होत नाही. चाचण्यांतल्या हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत सहा महिने मोजण्याजोगी घसरण झालेली नव्हती. ल्युनासिन या सोयाबीनमधल्या पेप्टाइडची कहाणी इथे आठवते. ते घेणारा एक रुग्ण खरोखर सुधारला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड बेडलॅक अशा दाव्यांची टर उडवत नाहीत, तपासतात; त्यांनी तोच नमुना, त्याच मात्रेत, ५० रुग्णांना वर्षभर दिला. आजाराचा वेग बदलला नाही. त्या एकाची सुधारणा खरीच होती, ती ल्युनासिनने झाली नव्हती.

उरतो तो वेळेचा आक्षेप: पुरावा येईपर्यंत आमचा माणूस राहील का? याला सोपे उत्तर नाही. २००८ साली लिथियमने एएलएस थांबतो, असा छोटा अभ्यास इटलीतून आला आणि जगभरच्या रुग्णांनी वाट न पाहता ते घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या नोंदींतून आणि नंतरच्या चाचण्यांतून निघाले ते एवढेच, की उपयोग नाही. तरीही कुणी काही करून पाहायचे ठरवले, तर मी त्याला अडवणार नाही. माझा आग्रह रीतीचा आहे. एका वेळी एकच गोष्ट घ्यावी, नाही तर कशाने काय झाले ते कधीच कळत नाही. सुरू करतानाच थांबवण्याची तारीख ठरवावी, तीन महिने म्हणा. डब्यावरची सगळी नावे उपचार करणाऱ्या डॉक्टरला दाखवावीत, यकृताची तपासणी चुकवू नये. रिलुझोल बंद करायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. आणि डब्यावरचा मजकूर वाचावा: भारतात पोषणपूरकांवर ती औषधी वापरासाठी नाहीत असे छापणे बंधनकारक आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपाय यांच्या जाहिरातींवरील कायद्यात लकव्याचा समावेश आहे. तो बरा करण्याची जाहिरात करणेच गुन्हा ठरते. ज्याला छापील शब्दांत दावा करता येत नाही, तो कानात सांगतो.

आता अन्नाची ताकद जिथे खरोखर आहे तिथे येऊ, कारण या लेखाचा भार तिथेच आहे. एएलएसच्या बऱ्याच रुग्णांचे शरीर बसल्या जागी जास्त ऊर्जा जाळते, आणि त्याच वेळी हात उचलत नाही, घास चावत नाही, पाण्याने ठसका लागतो, जेवायला तास जातो आणि रुग्ण अर्ध्यावर 'पुरे' म्हणतो. वजन उतरू लागते. निदानाच्या वेळेपर्यंत नेहमीच्या वजनाच्या ५ टक्के घट झालेल्या रुग्णांत मृत्यूची जोखीम सुमारे ३० टक्क्यांनी जास्त आढळली आहे. साठ किलोच्या माणसात ५ टक्के म्हणजे फक्त तीन किलो. २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, नळीने अन्न घेणाऱ्या २४ रुग्णांच्या छोट्या चाचणीत जास्त उष्मांकाचा, कर्बोदकप्रधान आहार सुरक्षित ठरला आणि त्या गटात मृत्यू कमी झाले. जर्मनीत २०१ रुग्णांना रोज सुमारे ४०० उष्मांकांची चरबी वरून दिली; एकंदर आयुष्य वाढले नाही, मात्र ज्यांचा आजार वेगाने वाढत होता त्यांच्यात फायद्याची चिन्हे दिसली. हा पुरावा पक्का नाही, हे मान्य. पण कपाटातल्या कुठल्याही डब्यामागे एवढासुद्धा नाही, आणि हा उपाय स्वयंपाकघरात आहे. मऊ भातावर जास्त तूप, सायीचे घट्ट दही, खवा कालवलेली खीर, सत्तूचे दाट सरबत. ज्या जबलपूरचा मटार थंडीत देशभर जातो, तो शिजवून, गाळून, लोणी घालून. पातळ पाण्यापेक्षा दाट द्रव ठसका कमी लावतो. 'हलके खा, तूप सोडा, फळांवर राहा' हा निसर्गोपचारातला सल्ला इतर आजारांत चालत असेल. इथे तो थेट घातक आहे. उपवासाचे आणि फक्त रसाहाराचे प्रयोग या रुग्णावर कुणीही करू नयेत. मधुमेह असेल तर साखरेचा हिशेब डॉक्टरांबरोबर बसवावा, पण उष्मांक तोडू नयेत.

पोटात थेट अन्न पोचवणारी नळी, जिला डॉक्टर पेग म्हणतात, हीसुद्धा आहाराचाच भाग आहे. घरोघरी ती शेवटची पायरी समजली जाते आणि म्हणून उशिरा बसवली जाते. श्वासाची क्षमता निम्म्याखाली जाण्याआधी ती बसवणे सुरक्षित, नंतर धोका वाढतो. नळी असली तरी चवीपुरते तोंडाने खाता येते, जितके गळा सांभाळेल तितके. श्वासाचेही तसेच. इंग्लंडमधल्या २००६ सालच्या चाचणीत, ज्यांचा गळा फार बिघडलेला नव्हता अशा रुग्णांना रात्री मुखवट्यावाटे हवा देणाऱ्या यंत्राने मध्यक पाहता २०५ दिवस जास्त दिले. रिलुझोलपेक्षा हे जास्त आहे आणि कपाटातल्या सगळ्या डब्यांच्या बेरजेपेक्षा तर कितीतरी जास्त. दरमहा पूरकांवर जाणारे पैसे अशा मुखवट्याच्या यंत्राच्या (बायपॅपच्या) भाड्याकडे, आहारतज्ज्ञाच्या आणि गिळण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या थेरपिस्टच्या भेटीकडे वळवले, तर तेच पैसे दिवस देतात. जबलपूरच्या कुटुंबाला यासाठी नागपूर गाठावे लागत असेल, तर तो प्रवास रुग्ण बसू शकतो तोवर करून घ्यावा.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना एक विनंती. आज एक वजनकाटा आणा. उभे राहता येत नसेल, तर एकाने रुग्णाला उचलून काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. दर महिन्याच्या एक तारखेला आकडा वहीत लिहा, आणि तो दोन किलोंनी खाली आला की पुढच्या तारखेची वाट न पाहता ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.